22 जणांना एकदम जेवायला बोलवू का?

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"ताई, मागच्या वर्षी माझ्या नवऱ्याचा अपघात झाला. पायाचं मोठं ऑपरेशन, अडीच महिने तो अंथरुणावर होता. त्या काळात लोकांनी इतकं केलं की सांगता येत नाही. शेजारच्या काकू रोज मुलीला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत सांभाळायच्या. नणंद 9 रात्री हॉस्पिटलमध्ये झोपली. ऑफिसमधल्या मैत्रिणीने माझं काम स्वतःकडे घेतलं. नवऱ्याच्या एका मित्राने मोठी रक्कम दिली, त्यातली निम्मी अजून फेडायची आहे. रक्त द्यायला दोन मुलं आली, त्यांना तर आम्ही ओळखतही नव्हतो. आता नवरा चालायला लागलाय आणि मला सगळ्यांना जेवायला बोलवायचंय. लिस्ट केली तर 22 जण झाले. नवरा म्हणतो हॉल घेऊ, एकाच दिवशी सगळ्यांना बोलवू आणि मोकळे होऊ. मला ते बरं वाटत नाही, पण घर लहान आहे आणि मी अजून थकलेलीच आहे. काकू तर म्हणतात, कशाला गं, आम्ही काय परके आहोत का. आणि ज्याचे पैसे द्यायचेत त्याला जेवायला बोलावणं बरं दिसेल का? या विचाराने रात्री झोप लागत नाही. – एक वाचक"

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दावर अडले. "मोकळे होऊ". तुमच्या नवऱ्याच्या मनात काही वाईट नाहीये हे मला कळतंय, अडीच महिने दुसऱ्यांच्या हातून पाणी प्यायलेल्या माणसाला कधी एकदा हे देणं फिटतंय असं होतंच, त्याला परत आपल्या पायावर उभं राहायचंय आणि ते नुसत्या हाडांचं काम नसतं. पण तुम्हाला ते बरं वाटलं नाही ना, ते तुमचं बरोबर आहे. कारण तुमच्या नणंदेच्या 9 रात्री कुठल्याच जेवणाने फिटणार नाहीत आणि फिटाव्यात अशी तिची अपेक्षा पण नसेल. हे फेडायचं जेवण नाहीये. तुमच्या घरातल्या दोघांनी प्रत्येक माणसाच्या समोर बसून "तू हे केलंस, आम्ही ते बघितलंय, आमच्या लक्षात आहे" एवढं नीट सांगायचंय आणि जेवण म्हणजे ते सांगायला मिळालेला निवांत तास दीड तास. एवढं एकदा मनात पक्कं झालं की हॉल का घर, 22 का 4, कोणाला आधी, यातले बरेच प्रश्न आपोआप सुटतात.

फ्रान्समध्ये मार्सेल मोस नावाचे एक अभ्यासक होऊन गेले, त्यांनी 1925 साली वेगवेगळ्या समाजांमधल्या देण्याघेण्याबद्दल लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की देणं, ते स्वीकारणं आणि उलट देणं, या तिन्हीचं बंधन माणसं मानतात आणि त्यातूनच नाती टिकतात. मला यातलं मधलं फार महत्त्वाचं वाटतं. घेणं! आपल्याला द्यायला जमतं, घेतलेलं पचवायला जमत नाही, म्हणून घाईघाईने परतफेड करून खातं बंद करायला बघतो. आणि खातं बंद झालं की समोरच्याला कुठेतरी जाणवतंच की यांना आता आपल्याशी काही देणंघेणं नको आहे.

माझंच सांगते. माझी आई मोठ्या आजारातून उठली तेव्हा मी अगदी तुमच्या नवऱ्यासारखंच केलं होतं, एक दिवस, एक हॉल, 40 च्या वर माणसं. सगळं व्यवस्थित झालं, जेवण चांगलं होतं, लोक पोटभर जेवून गेले. मी मात्र पूर्ण वेळ दारात उभी, या या, बसा, जेवलात का, निघालात का, थांबा ना अजून, एवढंच बोलत होते. आईजवळ दर दुपारी येऊन बसणाऱ्या एक बाई होत्या, कधी पेपर वाचून दाखवायच्या, कधी नुसत्या शेजारी बसून राहायच्या, आणि त्यांच्यामुळे मला दुपारी दोन तास झोप मिळायची. त्या कधी आल्या, कुठे बसल्या, कधी गेल्या मला कळलंच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं की अरे, त्यांच्याशी तर आपण एक वाक्य बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, बोलले, त्यांनी काही मनात ठेवलं नव्हतं. पण ज्यांच्यासाठी म्हणून सगळं केलं त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, हॉल नको. 22 जणांना एकदम तर नकोच.

एका वेळेला 3-4 पाहुणे पुरे. हे मी घर लहान आहे म्हणून सांगत नाहीये हां, घर मोठं असतं तरी हेच सांगितलं असतं. रॉबिन डनबर नावाचे ब्रिटिश अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये लोक गप्पा मारताना किती जणांचे घोळके करतात ते मोजलं होतं आणि एका संभाषणात साधारण 4 माणसंच टिकतात असं त्यांना दिसलं, पाचवा आला की लवकरच घोळक्याचे दोन तुकडे पडतात. तुम्ही कुठल्याही कार्यक्रमात बघा, असंच होतं. तुम्ही दोघं आणि दोन पाहुणे असाल तर एकच गप्पा चालतील आणि जे बोलायचंय ते सगळ्यांना ऐकू जाईल. तीन-चार पाहुणे असले तर थोडी फाटाफूट होईल पण निभावतं. दहा जण झाले की तुम्ही फक्त वाढणार आणि ते आपापसात बोलणार.

मग 22 जणांच्या सहा-सात जेवणावळी होतील, आणि तुम्ही म्हणाल ताई मी आधीच थकलेय. बरोबर, पण हे सगळं एका महिन्यात संपवायचंय असं कोणी सांगितलंय? तीन आठवड्यातून एक करा, पाच-सहा महिने लागू देत. आभाराला मुदत नसते. उलट सहा महिन्यांनी आलेलं आमंत्रण पण छान वाटतं, की अजून यांच्या लक्षात आहे. फक्त ज्यांचं जेवण उशिरा होणार आहे त्यांना आत्ताच एक फोन करून ठेवा, म्हणजे इतरांची जेवणं झालेली कानावर आली तर आपण राहिलो असं त्यांना वाटायला नको.

आणि सगळ्यांना सारखंच केलं पाहिजे असं पण नाही. एकदा येऊन औषधं देऊन गेलेला माणूस आणि रोज मुलीला सांभाळणाऱ्या काकू यांना एकाच मापाने मोजायला गेलात तर दोघांनाही अवघडल्यासारखं होईल. 22 मधल्या काही जणांना मनापासून केलेला फोन पुरतो. लिस्ट परत एकदा घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसाने नेमकं काय केलं ते एका ओळीत लिहा. दोघांनी मिळून लिहा, कारण तुमच्या नवऱ्याला त्यातलं बरंचसं माहीत नसेल, तो औषधाच्या गुंगीत होता आणि तुम्ही पळत होता. हे लिहिताना तुम्हाला दोघांनाही रडू येईल कदाचित, येऊ दे. कोणाला जेवायला बोलवायचं आणि कोणाला फोन करायचा ते या लिस्टवरूनच कळेल.

काकूंचं आता. "कशाला गं, आम्ही काय परके आहोत का" या वाक्याला तुम्ही "नाही नाही, तुमचे फार उपकार आहेत" असं उत्तर देत असाल तर ते थांबवा. उपकार म्हटलं की त्या अजून मागे सरकतील, कारण त्यांनी ते उपकार म्हणून केलेलंच नाहीये. त्यांना सांगा, "काकू, परक्या नाही म्हणूनच बोलावतेय, मला तुमच्याबरोबर निवांत बसून जेवायचंय, वर्षभरात आपण दारातच बोललोय." खरं आहे ना हे? तुम्ही ऑफिसमधून यायच्या, मुलीचा हात धरायच्या, थँक्यू म्हणून निघायच्या. आणि मोघम "या एकदा" म्हणू नका, त्याला सगळेच हो हो म्हणतात आणि पुढे काही होत नाही. वार सांगा, वेळ सांगा, दोन पर्याय द्या. तरीही नको म्हणाल्या तर हट्ट करू नका, एखाद्या संध्याकाळी डबा घेऊन त्यांच्याकडे जा आणि तिथे त्यांच्या ताटाशेजारी स्वतःचं ताट घेऊन बसा. जेवण एकत्र झालं म्हणजे झालं, घर कोणाचं हा मुद्दा नाही.

नणंदेबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटतेय. घरातल्या माणसाचे आभार नेहमी राहून जातात. "आपलीच तर आहे" म्हणून तिला पहिल्या जेवणाला मदतीला बोलावलं जाईल, मग दुसऱ्या जेवणाला पण, आणि जिने 9 रात्री हॉस्पिटलच्या बाकड्यावर काढल्या तीच ओट्यापाशी उभी राहून इतरांच्या आभाराचं जेवण करत असेल. असं अजिबात होऊ देऊ नका. तिचं जेवण वेगळं ठेवा, एकटीचं किंवा तिच्या घरच्यांसोबत. ती आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात घुसेल, तिला सवय आहे, तेव्हा तिचा हात धरून भावाच्या शेजारी बसवा. सगळं आधीच तयार ठेवा म्हणजे "दे गं मी करते" म्हणायला तिला जागाच उरणार नाही.

आणि वाढायचं काम भावाने करावं. हे मी मुद्दाम लिहितेय. अपघात त्याचा झाला, रात्री त्याच्यासाठी जागवल्या गेल्या, मग आभाराचं सगळं टेन्शन तुमच्या एकटीच्या डोक्यावर का आहे? पत्रात लिस्ट तुम्ही केलीत, विचार तुम्ही करताय, झोप तुमची उडालीय. आमंत्रणाचे निम्मे फोन त्याने केले पाहिजेत. त्याला जास्त वेळ उभं राहता येत नसेल तर बसून भाजी चिरू दे, बसून वाढू दे. त्याच्या हातचं वाढलेलं ताट समोर आलं की लोकांना जे वाटेल ते कुठल्याही केटररच्या पदार्थांनी वाटणार नाही, कारण याच हाताला कधीकाळी सलाईन लावलेलं त्यांनी पाहिलंय.

आता पैशांचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण तुमची झोप बहुतेक इथेच अडलीय. निम्मी रक्कम द्यायची बाकी असताना त्या मित्राला बोलवावं का? बोलवा. पण आधी पैशांबद्दल बोला आणि मग जेवणाबद्दल, आणि या दोन्ही गोष्टी एकाच फोनमध्ये करू नका. पहिल्यांदा नवऱ्याने त्याला एकट्याला गाठून सांगायचं की तुझे इतके राहिलेत, माझ्या लक्षात आहे, अमुक महिन्यापासून दर महिन्याला इतके इतके देणार. झेपेल तेवढाच आकडा सांगायचा, लहान असला तरी चालेल, पण सांगितला की पाळायचा. आणि ते सगळं मेसेजवर लिहून पाठवायचं म्हणजे दोघांच्याही डोक्यातून हिशोब निघून जातो. शक्य असेल तर पहिला हप्ता जाऊ दे आणि मग आठ-पंधरा दिवसांनी जेवायला बोलवा. असं का, तर पैशांबद्दल काहीच न बोलता बोलावलंत तर तो कदाचित काहीच विचार करणार नाही, पण तुम्ही कराल. तुम्ही प्रत्येक घासाला त्याच्या चेहऱ्याकडे बघाल की याला वाटत असेल का, जेवणं घालायला पैसे आहेत आणि माझे द्यायला नाहीत. मग त्या जेवणात आभार राहणारच नाहीत, नुसती चोरट्यासारखी धाकधूक राहील. एकदा बोलणं झालं की जेवण हे जेवण राहतं. त्याच्या जेवणाला फार थाटमाट नको, तुम्ही रोज जे जेवता त्यात एखादी गोष्ट त्याच्या आवडीची. आणि जेवताना पैशांचा विषय काढायचा नाही, हप्ता त्या दिवशी पाकिटात घालून हातात द्यायचा नाही, नाहीतर आपण वसुलीला आलो होतो असं त्याला वाटायचं.

बाकीच्यांचं भराभर सांगते. ऑफिसमधल्या मैत्रिणीला घरी बोलवाच पण त्याबरोबर साहेबांना एक मेल पण करा की या काळात हिने माझं अमुक अमुक काम केलं, त्याचा तिला नोकरीत उपयोग होईल. रक्त देणाऱ्या दोन मुलांना बोलवताना ज्याने त्यांना पाठवलं त्यालाही सोबत बोलवा, नाहीतर अनोळखी घरी ती बिचारी अवघडून बसतील, आणि आली नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका, खूप रक्तदाते कोणाला दिलं ते जाणूनही घेत नाहीत. तुम्ही लिहिलं नाहीये पण हॉस्पिटलमधल्या एखाद्या नर्सचं नाव लिस्टमध्ये असेल तर तिला घरी बोलावण्यापेक्षा तिच्या वरिष्ठांना पत्र लिहा, तिचं नाव घालून, तिने कुठल्या दिवशी काय केलं ते लिहून. बऱ्याच हॉस्पिटलमध्ये पेशंटकडून काही घेण्यावर बंधनं असतात, आणि असं पत्र तिला जास्त उपयोगी पडतं.

आता ज्यासाठी हे सगळं चाललंय ते, बोलायचं काय? बरेच जण इथेच कच खातात. छान जेवण होतं, गप्पा होतात, आणि निघताना दारात चपला घालता घालता "तुम्ही खूप केलंत हो आमच्यासाठी" एवढं म्हणून होतं. दारात नको. जेवायला बसल्यावर, सगळ्यांचं पहिलं वाढून झालं की, हातातलं बाजूला ठेवून बोला. आणि मोघम नको. "खूप केलंत" हे कोणालाही म्हणता येतं. नणंदेला म्हणा, "चौथ्या रात्री त्याला ताप चढला होता आणि तू मला उठवलं नाहीस, एकटी डॉक्टरांच्या मागे धावलीस, मला सकाळी कळलं. तुझ्यात ती हिंमत आहे म्हणून मी त्या रात्री झोपू शकले." (रात्र कुठली ते तुम्हाला माहीत, मी आपलं उदाहरण दिलं.) यात बघा, रात्र कुठली ते आहे, प्रसंग आहे, आणि "मला बरं वाटलं" यापेक्षा तिने काय केलं, ती कशी आहे यावर भर आहे. सारा अल्गो नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 2016 मध्ये जोडप्यांवर अभ्यास केला होता, त्यात हेच दिसलं की आभार मानताना स्वतःला काय मिळालं यापेक्षा समोरच्याने केलेल्या गोष्टीचं कौतुक जितकं जास्त, तितकं ऐकणाऱ्याला ते आपलेपणाचं वाटतं. मला हे वाचल्यावर एकदम पटलं, कारण आपण सारखं म्हणतो "माझी फार सोय झाली" आणि समोरचा माणूस त्यात कुठेच नसतो.

तुम्हाला वाटेल असं समोर बसून बोलायचं म्हणजे अवघड, नाटकी वाटेल, शब्द नीट नाही सुचले तर काय. सगळ्यांनाच वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एपली या दोन अभ्यासकांनी 2018 मध्ये छापलेल्या अभ्यासात लोकांना आभाराची पत्रं लिहायला लावली होती आणि आधी विचारलं की ज्याला पत्र जाईल त्याला कसं वाटेल. लिहिणाऱ्यांना वाटलं समोरचा बराच अवघडेल. पत्र मिळालेल्यांना विचारलं तर त्यांना तेवढं अवघड वाटलं नव्हतं आणि लिहिणाऱ्यांच्या अंदाजापेक्षा आनंद मात्र जास्त झाला होता. लिहिणारे शब्द जमतील का या काळजीत होते, वाचणाऱ्यांनी त्यातली माया बघितली. तेव्हा अडखळलात तरी चालेल, डोळे भरून आले तरी चालेल. फक्त एक बघा, काही माणसांना चारचौघात कौतुक झालेलं सहन होत नाही, मान खाली घालून बसतात. अशांना आधीच बाजूला घेऊन बोला आणि जेवताना नुसतं प्रेमाने वाढा.

थोडं व्यवहाराचं. बोलावतानाच विचारून ठेवा, काही पथ्य आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, काही अजिबात खात नाही असं आहे का. शेंगदाणे, दूध, अंडी, गहू, तीळ अशा रोजच्या गोष्टींची पण काहींना ॲलर्जी असते आणि संकोचाने माणसं सांगत नाहीत, विचारलं की सांगतात. पाहुण्यांमध्ये कोणी डायबेटीसचं औषध किंवा इन्सुलिन घेणारं असेल तर जेवणाची वेळ सांगाल ती पाळा, गप्पांच्या नादात ताट दोन तास पुढे गेलं तर त्यांची साखर खाली जाऊ शकते. शिजवलेलं अन्न बाहेर 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फार उकाडा असेल तर तासाभरातच उरलेलं फ्रीजमध्ये टाका, म्हणजे सकाळी सगळं करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवणं नको. अंगात ताकद नसेल त्या दिवशी निम्मं बाहेरून मागवा, त्यात काही कमीपणा नाही. तुम्ही स्वतः दमून चेहरा पाडून बसलात तर पाहुण्यांना वाटेल की आपण आलो आणि हिला त्रास झाला, आणि ते परत तुमच्या मदतीला उठतील.

"येताना काही आणू नका" असं सांगा, तरी ते आणतील, आणलं की आनंदाने घ्या आणि लगेच उलट काही हातात कोंबू नका. रिकाम्या हाताने जाऊ दे त्यांना. आणि चार दिवसांनी त्यांनी तुम्हाला जेवायला बोलावलं तर जा, "अहो आता आम्ही बोलावलं होतं ना" असलं काही म्हणू नका.

सुरुवात काकूंपासून करा, त्या सगळ्यात जवळ आहेत आणि त्यांच्या जेवणात काही चुकलं तरी त्या हसतील. मुलगी किती वर्षांची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण एवढे दिवस त्यांच्या घरी दुपार काढलेल्या पोरीला काकूंना काय आवडतं, कुठली भाजी दिसली की त्या खूश होतात, चहा किती गोड लागतो हे तुमच्यापेक्षा नक्की जास्त माहीत असणार. तर काकूंच्या जेवणात काय करायचं ते तिलाच ठरवू द्या.